बुधरीच्या प्रश्नाला टाळ्या

आमच्या कॉलेजच्या यंदाच्या माहितीपत्रकावर बुधरीचा फोटो आहे. ब्रह्मपुरीच्या बस स्टँडवर, रसवंतीच्या डोक्यावर, त्याच फोटोचा मोठा फलकही लावलाय. पांढरं लुगडं, गळ्यात मण्यांच्या माळा, केसांत लाकडी फणी आणि तोंड उघडं. खाली लिहिलंय, ‘आदिवासी संस्कृतीचे मनोहारी दर्शन’. ही मुलगी राज्यशास्त्राच्या एम.ए.ला विभागात पहिली आली होती, हे कुठेही लिहिलेलं नाही. त्या उघड्या तोंडातून त्या क्षणी काय बाहेर पडत होतं, हे फोटो काढणाऱ्यालाही ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. म्हणून तो फलक दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

मी साक्षी, भद्रावतीची. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला, आमचं सगळं बालपण तिथल्या कॉलनीत गेलं. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली संविधानाची प्रत, आणि जेवताना हक्क-कर्तव्यांवर भांडणं. त्यामुळे राज्यशास्त्र म्हणजे आपल्या घरचंच, अशी माझी समजूत होती. होस्टेलवर बुधरी वड्डे माझ्या खोलीत आली आणि ती समजूत हळूहळू उतरली.

ती माडिया आदिवासी. भामरागडकडं, हेमलकशाच्याही पुढे, नाल्यापलीकडे तिचं गाव. शिकली आश्रमशाळेत, त्यामुळे तिच्या मराठीत पुस्तकातले शब्द आणि झाडीपट्टीतले शब्द एका ताटात जेवायचे. ‘सार्वभौमत्व’ म्हणेल आणि त्याच दमात ‘मले भूक लागली’ म्हणेल. बाकी मुलगी काही साधीभोळी वगैरे नव्हती. माझं आंब्याचं लोणचं विचारल्याशिवाय बरणीतून बोटानं खायची. सकाळी उठवायला गेलं तर लाथ मारायची. राग आला की दोन-दोन दिवस बोलायची नाही, आणि बोलली की समोरच्याला पळता भुई थोडी व्हायची.

आम्हाला ‘राजकीय सिद्धांत’ आणि ‘आधुनिक राजकीय विचारप्रणाली’ हे दोन्ही पेपर भर्रे सर शिकवायचे. शिकवायचे म्हणजे सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. व्याख्या, वैशिष्ट्ये, गुण, दोष, समारोप. उदारमतवाद सोमवारी संपला की समाजवाद मंगळवारी सुरू. साम्यवाद ते घाईघाईनं उरकायचे आणि दार लावून घ्यायचे. “आपला मुलूख नाजूक आहे बाप्पा,” म्हणायचे, “हा भाग ऑप्शनला टाका.” स्त्रीवादाला वेळच उरला नाही. तो आम्ही मुलींनी घरी वाचायचा होता.

त्या वर्गात प्रश्न विचारायची पद्धत नव्हती. बुधरीला ते कोणी सांगितलं नव्हतं. उदारमतवादात व्यक्ती हा समाजाचा मूळ घटक, असं सर सांगत होते तेव्हा ती उभी राहिली. “सर, एकटा माणूस आधी का गाव आधी?” सरांनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, “परीक्षेत व्यक्ती लिही.”

दुसऱ्या वेळी प्रतिनिधी हा विषय होता. निवडून दिलेल्या माणसानं स्वतःच्या बुद्धीनं बोलावं, की पाठवणाऱ्यांच्या शब्दानं बोलावं, यावर म्हणे युरोपात मोठमोठे वाद झाले. बुधरी म्हणाली, “आमच्या गावात वाद नाई सर. गावानं निरोप देऊन पाठवलं तर तोच निरोप बोलायचा. एक शब्द वाढवायचा नाई, एक पाडायचा नाई. अन् उत्तर बी तसंच आणायचं. उत्तर येतपर्यंत सभा उठली असं म्हणत नाई आमी.” वर्गात कोणीतरी फिस्सकन हसलं. सर म्हणाले, “छान. दोन्ही मतं लिही, मग समारोप.”

पण खरी ठिणगी पडली ती सामाजिक कराराच्या तासाला. राज्य जन्माला येण्यापूर्वी माणूस कसा राहायचा, त्याला निसर्गावस्था म्हणतात. सर समजावून सांगायला गेले. “निसर्गावस्था म्हणजे काय? कायदा नाही, पोलीस नाही, कोर्ट नाही. माणूस रानटी. ज्याची काठी त्याची म्हैस. आता कल्पना कशी करायची? सोपं आहे. आपल्या भामरागडकडं जा, आजही दिसते.”

बुधरी दुसऱ्या बाकावर बसली होती. सरांना ती दिसत होती. मी सांगते, ते वाईट मनानं बोलले नाहीत, आणि हेच मला जास्त संतापजनक वाटतं. वाईट मनानं बोलले असते तर निदान माफी मागायची तरी सोय होती.

ती उठली. “सर, आमच्या गावात पोलीस ठाणं नाई हे खरं आहे. कोर्ट बी नाई. भांडणं होतात. डोकी बी फुटतात. पण मंग सगळे बसतात, अन् भांडण मिटतपर्यंत कोणी उठत नाई. घराले कुलूप कोणाच्याच नाई. कुलूप मी पयल्यांदा इथी ब्रह्मपुरीत इकत घेतलं.”

सर हसले, मान डोलावली आणि म्हणाले, “वा, चांगलं उदाहरण. पण हे परीक्षेत नको लिहू.”

दिवाळीच्या सुट्टीत ती गावी जाऊन आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. गावची शाळा बंद झाली होती. पोरं कमी, म्हणून पलीकडच्या गावच्या शाळेत जोडून टाकली. नकाशावर ती शाळा जवळ आहे. नकाशात नाला एक निळी रेघ आहे. पावसाळ्यात ती निळी रेघ गडी माणसालाही वाहून नेते, आणि इथं तर पाटी-दप्तर घेतलेली पहिली-दुसरीची पोरं. तिची धाकटी बहीण घरीच बसली होती. शाळा बंद करताना गावाला कोणी विचारलं नव्हतं. कळवलंसुद्धा नव्हतं. गुरुजी एक दिवस आले नाहीत, आणि मग आलेच नाहीत.

त्याच सुमारास कॉलेजात युवा संसदेची स्पर्धा जाहीर झाली. मुलांनी खासदार व्हायचं, मंत्री व्हायचं, प्रश्नोत्तरं करायची, बाकं वाजवायची. पहिल्या सत्रात ज्याला जास्त गुण तो विरोधी पक्षनेता, असा सरांचाच नियम. म्हणजे बुधरी. वर आणखी बातमी अशी, की प्रमुख पाहुणे म्हणून खरोखरचे निवडून आलेले एक मोठे साहेब येणार.

बुधरी पुढच्याच शनिवारी निघाली. एसटी, मग काळी-पिवळी जीप, मग पायी. गाव बसलं. तिनं सांगितलं की मोठे साहेब समोर असतील, आणि मले प्रश्न विचारायचा हक्क आहे. त्यांच्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. एक जण जरी नाही म्हणाला तरी ठरत नाही, पुन्हा बोलायचं. दिवसभर बसून गावानं प्रश्न ठरवला आणि तिच्याकडून पाठ करून घेतला. होस्टेलवर आल्यावर तिनं मला तो माडियात म्हणून दाखवला, मग मराठीत.

“आमच्या गावची शाळा आमाले न विचारता बंद केली. नाला भरला की लहान पोरांनी पलीकडच्या शाळेत कसं जायचं, हे दाखवाले तुम्ही एकदा आमच्या गावात येता का?”

एवढंच. कुठे मागणी नाही, घोषणा नाही, कोणाला शिवी नाही. मी म्हटलं, थोडं जोरदार कर, ‘धिक्कार’ वगैरे टाक. ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी तिच्या ताटातलं उचललं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. सगळ्या सभागृहाची भाषणं त्यांनी स्वतः लिहिली होती. मंत्र्यांची उत्तरं आधी आणि त्यांना शोभतील असे प्रश्न नंतर. “बुधरी,” ते फार गोड आवाजात म्हणाले, “तुझ्यासाठी मोठी जबाबदारी आहे बेटा. साहेबांचं स्वागत रेला नृत्यानं करायचं आहे. तिकडच्या बाकीच्या मुली आहेत, पण पुढं गाणारी तूच पाहिजे.”

“मी विरोधी पक्षनेता आहे सर.”

“दोन्ही कसं जमन? कपडे बदलाले वेळ नाई. ते भाषण साक्षी करन.”

“नाचाले दुसऱ्या आहेत. बोलाले मी आहे.”

सर जरा खुर्चीत सरकले. “खरं सांगू का, वाईट नको वाटून घेऊ. परीक्षक बाहेरचे आहेत. तुझे उच्चार... त्याहीले समजन नाई. नाचात तुझ्यासारखं कोणी नाई. तू आपल्या भागाची शान आहेस.”

बुधरी शांतपणे म्हणाली, “सर, तुम्हीच शिकवलं. प्रतिनिधी बदलायचा तर पाठवणाऱ्याहीले विचारा लागते. मले पाठवणारे तिकडं बसून राह्यले आहेत.”

“हे तू परीक्षेत लिही,” सर म्हणाले. “मी पूर्ण मार्क देतो.”

मी तिथेच सांगितलं की मला ही भूमिका नको. सर म्हणाले, तू नाही केलीस तर दुसरं कोणी करेल, पण बुधरी करणार नाही. बाहेर आल्यावर मी कॉरिडॉरमध्ये फणफणत होते. बुधरी म्हणाली, “तू नाई म्हणू नको. तू असली तर निदान ओळखीचं कोणी त्या खुर्चीत आहे.” मग ती दोन दिवस बोलली नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी सभागृह फुलांनी भरलं होतं. संसदेतल्या ‘आदिवासी खासदारा’ची भूमिका बाजारपेठेतल्या एका कापड दुकानदाराच्या मुलाकडे होती, आणि त्याला डोक्याला मोरपिसं बांधून बसवलं होतं. त्याच्यापासून पाच हातांवर सात खऱ्या आदिवासी मुली पायात चाळ बांधून उभ्या होत्या. हे कोणालाच दिसत नव्हतं. साहेब आले, हार झाले, दीप लागला, आणि निवेदकानं रेला नृत्य पुकारलं. फोटो निघतील म्हणून बुधरीच्या हातात माइक दिला.

इथं भर्रे सरांची चूक झाली. सबंध कार्यक्रमातला शब्द न् शब्द त्यांनी तपासला होता. सभापतीनं कधी खोकायचं तेवढंच लिहायचं राहिलं होतं. पण रेल्याचं गाणं पाठ केलेलं नसतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ‘रे रेला’चा ठेका कायम असतो. ओळी मात्र पुढं गाणारी जागच्या जागी जुळवते, मागच्या तीच ओळ झेलून परत म्हणतात. लग्नात नवरदेवाची चेष्टा, पाहुण्यांची थट्टा, पाटलाची गाऱ्हाणी, सगळं त्यातच येतं. आयुष्य या भागात काढून, शेकडो स्वागतांना रेला बघून, गाण्यात काय म्हणतात हे त्यांनी कोणाला कधी विचारलंच नव्हतं.

बुधरीनं पहिली ओळ घेतली आणि मागच्या मुलींची पावलं चुकली. मी पडद्यामागून बघत होते. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या, मग सगळ्या मिळून ती ओळ अशी म्हणाल्या की माइकनं शिटी मारली. शब्द मला कळत नव्हते, पण आठवडाभर तिच्या तोंडून माडियात ऐकलेला तो प्रश्न मी सुरातूनही ओळखला. शाळा आली, नाला आला, लहान पोरं आली. त्याच वेळी फोटो निघाला. साहेब पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसले होते.

गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी बसल्या जागीच माइक मागवला. “अर्थ नाही कळला,” ते म्हणाले, “पण काळजाला भिडलं. या भोळ्या माणसांच्या गाण्यात किती आनंद असतो बघा.”

बुधरी पुढं झाली. “अर्थ सांगू का साहेब?” पण निवेदकानं वेळेअभावी पुढच्या कार्यक्रमाकडे वळायचं ठरवलं होतं.

विंगेत आली तेव्हा मी तिला मिठी मारली. “विचारलंस की गं. भर सभेत विचारलंस.”

तिनं मला दूर सारलं. “कुठी विचारलं? त्याले समजलं का? गावात काय सांगू, साहेबानं मांडी वाजवली?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं.

युवा संसद सुरू झाली. मंत्र्यांनी योजना वाचल्या, सदस्यांनी बाकं वाजवली, मोरपिसंवाल्या खासदारानं सरकारचे आभार मानले. मग सभापतींनी विरोधी पक्षनेत्याचं नाव पुकारलं. सभापती होता आमच्याच वर्गातला अश्वजित, ब्रह्मपुरीजवळच्या एका खेड्यातला, अंगानं किडकिडीत, हातात प्रयोगशाळेतून आणलेला लाकडी हातोडा. मी उठले. सरांचं भाषण माझ्या हातात होतं. ते मी खाली ठेवलं.

“सभापती महोदय,” मी म्हणाले, “या खुर्चीवर जिचा हक्क आहे त्या सदस्या बुधरी वड्डे सभागृहाबाहेर उभ्या आहेत. माझा सगळा वेळ मी त्यांना देते. परवानगी असावी.”

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. अश्वजितनं भर्रे सरांकडे बघितलं. सर पहिल्या रांगेच्या टोकाला बसून नकारार्थी मान हलवत होते, आधी हळू, मग जोरात. अश्वजितनं मान वळवली. त्यानं हातोडा आपटला, तोही जरा चुकीच्या जागी. “परवानगी आहे,” तो म्हणाला. या एका वाक्यासाठी मी त्याला आयुष्यभर चहा पाजायला तयार आहे.

बुधरी त्याच लुगड्यात, त्याच माळांत आली. माइक घेतला नाही. साहेबांकडे बघून गावानं सांगितलेला प्रश्न तिनं जसाच्या तसा मराठीत विचारला. मग ती उत्तराची वाट बघत उभी राहिली, हात खाली सोडून.

साहेब उठले, वळले, आणि परीक्षकांना म्हणाले, “याला म्हणतात अभिनय. मला तर क्षणभर खरंच वाटलं.”

टाळ्या. अगदी कडाडून टाळ्या. परीक्षक माना डोलावत लिहू लागले. भर्रे सरांच्या चेहऱ्यावर रंग परत आला आणि तेही वाजवू लागले.

“साहेब,” बुधरी म्हणाली, “हे नाटक नाई. शाळा खरंच बंद आहे.”

साहेब कौतुकानं हसले. “बघा, पोरगी अजून भूमिकेतून बाहेरच आली नाही.” टाळ्या दुप्पट झाल्या.

मी राज्यशास्त्राच्या पुस्तकात दडपशाहीचे प्रकार वाचलेत. सेन्सॉरशिप असते, बंदी असते, तुरुंग असतो. माणसाला हवं ते बोलू द्यायचं, मन लावून ऐकायचं, आणि मग बक्षीस देऊन त्याचा शब्द मारून टाकायचा, हा प्रकार कुठल्याच पुस्तकात नव्हता. तिथं मंचावर मला रडू आलं नाही. समोरच्या टेबलावरचा पेनस्टँड फेकून मारावासा वाटला, आणि मारला नाही याचं आजही वाईट वाटतं.

संध्याकाळच्या आत निकाल लागला. उत्कृष्ट अभिनय, बुधरी वड्डे. सोनेरी रंगाचं प्लास्टिकचं स्मृतिचिन्ह.

पुढच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर तिच्या गावी गेले. एकटी जाऊ देववेना. नाल्याला तेव्हा घोटाभर पाणी होतं. शाळेच्या पडवीत शेळ्या बसल्या होत्या. दुपारी झाडाखाली गाव जमलं, म्हातारेकोतारे, बाया, कडेवर पोरं. सगळ्यांत जाणते इसरूभाऊ मधे बसले. बुधरी माडियात बोलत होती, तिचं आणि बाकीच्यांचं बोलणं मधून मधून मला मराठीत सांगत होती.

आधी तिनं प्रश्न म्हणून दाखवला. मग इसरूभाऊंनी विचारलं, साहेब काय म्हणाला.

“टाळ्या वाजवल्या,” तिनं सांगितलं.

इसरूभाऊंनी पुन्हा विचारलं. “टाळ्या म्हणजे येतो म्हणाला, का नाई येत म्हणाला?”

बुधरीनं पिशवीतून ते सोनेरी स्मृतिचिन्ह काढलं आणि सगळ्यांच्या मधे ठेवलं. तिला ते लपवता आलं असतं, पण उत्तर जसं मिळालं तसंच आणायचं, ही तिथली रीत. एका बाईनं ते उचलून वजन बघितलं. खाली काय लिहिलंय, कोणीतरी विचारलं. ‘अभिनय’ला तिच्या भाषेत शब्द सापडेना. ती अडखळली, मग जे होतं ते सरळ सांगून टाकलं. मला मराठीत म्हणाली, “मी सांगितलं, खोटं फार चांगलं बोलली म्हणून हे दिलं.”

इसरूभाऊ उठून तिच्याजवळ आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. त्यांनी तिला एकच विचारलं, आणि ते मला तिनं सांगण्याआधीच तिच्या चेहऱ्यावरून कळलं. आम्ही दिलेले शब्द तू बदलले तर नाहीस ना? नाहीतर ते खोटं कशाला म्हणतील?

एवढ्या सगळ्यात मी बुधरीला कधी मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. तिथं पाहिलं. साहेबांनी, सरांनी, परीक्षकांनी मिळून जे केलं नव्हतं ते त्या सोनेरी प्लास्टिकनं केलं. तिच्या गावाला तिच्या शब्दाची शंका आली.

मी उभी राहिले. माझी भाषा कोणाला येत नव्हती, तरी बोलले. “मी होते तिथं. तुम्ही सांगितलं तेच बोलली ती. शब्दाला शब्द. साऱ्या सभागृहात खरं बोलणारी ती एकटीच होती.” बुधरीला हे सांगायची लाज वाटत होती, पण निरोप निरोप असतो. तिनं माझं बोलणं जसंच्या तसं माडियात सांगितलं, स्वतःबद्दलचं असूनही.

इसरूभाऊंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. गाव पुन्हा बोलायला बसलं. उन्हं कलली, शेळ्या पडवीतून उठून गेल्या, तरी बोलणं चाललं होतं. शेवटी सगळ्यांचं एक झालं तेव्हा इसरूभाऊंनी ते स्मृतिचिन्ह उचलून बुधरीच्या हातात परत दिलं.

“हे त्याले परत दे,” ते म्हणाले, “अन् पुन्हा विचार. पण आधी त्याले सांग, की आमी खरे आहोत.”